असामान्य आवाज

वॉशिंग मशीनबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, तिच्या शेवटच्या पानांवर बिघाडांचा एक तक्ता असतो. डावीकडे लक्षण, मध्ये संभाव्य कारण, उजवीकडे उपाय. पाणी भरत नाही, पाणी निघत नाही, मोटर फिरत नाही, अशा नकारार्थी ओळी एकामागून एक येतात आणि प्रत्येकीपुढे काही ना काही करण्याजोगे सुचवलेले असते. तळाशी मात्र बहुधा एक ओळ निराळी असते: 'असामान्य आवाज'. तिच्यापुढे बोटावर मोजण्याइतकी कारणे असतात आणि शेवटी सेवा केंद्राशी संपर्क साधण्याचा सल्ला. यंत्र बिघडण्यापूर्वी सर्वांत आधी जे सांगू लागते, तेच ऐकण्यासाठी तक्त्यात सर्वांत कमी जागा असते, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

मराठी घरात 'असामान्य आवाज' असे कोणी म्हणत नाही. शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार शिकवतात: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. पहिले दोन परीक्षेपुरते तरी लक्षात राहतात. तिसरा प्रकार काहीसा बालिश समजून आपण पुढे सरकतो. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) असे शब्द मोठ्या संख्येने आणि आस्थेने नोंदवलेले आहेत. ते एकामागून एक वाचत गेले की जाणवते, की हा नुसता आवाजांचा संग्रह नव्हे. खडखड ही सुट्या झालेल्या टणक वस्तूची असते, खुळखुळ ही पोकळीत अडकलेल्या लहान वस्तूची. धडधडीत वजन असते. करकरीत कोरडेपणा असतो, कुईकुईत ताण. घरघरीला दगडावर दगड फिरावा तसे जडपण असते आणि सततपणाही. वस्तू कशाची, केवढी, मोकळी की आवळलेली, कोरडी की ओली, हे सारे शब्दातच आलेले असते. शब्द अचूक निवडला, की निदान निम्मे झालेले असते.

हे मला कळले ते अकलूजच्या आमच्या घरी, गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दिवसांत. गळीत हंगाम नुकता सुरू झाला होता आणि रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस जात होत्या. मी पंधरा दिवसांसाठी घरी आलो होतो. आमचे वॉशिंग मशीन अर्धस्वयंचलित, दोन टाक्यांचे. अशा यंत्रात धुण्याची टाकी आणि पिळण्याची टाकी वेगळी, दोहोंच्या मोटरी वेगळ्या, टायमरही वेगळे. शहरांतून ही यंत्रे आता कमी दिसतात; आमच्याकडे अजून भरपूर आहेत, कारण नळाला पाणी नसले तरी बादलीने भरून ती चालवता येतात.

आईच्या पिढीने नीरेच्या काठी दगडावर धुणे धुतलेले आहे. तिच्या बोलण्यात 'कपडे धुणे' ही एक क्रिया नसतेच. भिजवणे, चोळणे, चुबकणे, आपटणे, धोपटणे, खळबळणे, पिळणे, झटकणे अशा त्या अनेक क्रिया असतात आणि प्रत्येकीत शरीराचा वेगळा भाग झिजतो. यंत्राने ह्यांतल्या काही उचलल्या. तळाशी फिरणारी चकती चुबकते आणि चोळते. शेजारची जाळीदार टोपली पिळते. आईने ह्यांतली दुसरी सोय अधिक मोलाची मानली. तिच्या उजव्या मनगटातली शीर दबलेली आहे, अंगठा आणि दोन बोटे रात्री बधिर होतात. साडी ती अजूनही हाताने धुऊ शकते. चादर पिळणे तिला शक्य नाही. त्यामुळे मशीन बंद पडले म्हणजे आमच्या घरात नेमके काय बंद पडते, हे सांगायचे तर 'पिळणे' हे एकच क्रियापद पुरे आहे.

ह्या टोपलीतून आवाज येऊ लागला होता. आईच्या म्हणण्याप्रमाणे तो गणपतीच्या आसपास सुरू झाला. "सुंई सुंई करतंय," ती म्हणे. तात्यांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, उत्तर ठरलेले: "कुठं काय करतंय? झ्याक चाललंय की." तात्यांच्या शब्दाला ह्या बाबतीत घरात फार वजन. कारण फिरणाऱ्या टोपल्या हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता.

अकलूजच्या परिसरात साखर कारखाने अनेक आहेत. जवळच्या माळीनगरचा कारखाना सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये स्थापन केला. श्रीपूर आणि शंकरनगर हीदेखील कारखान्यांच्या चिमण्यांनीच ओळखली जाणारी ठिकाणे. अशाच एका कारखान्यात तात्यांनी बत्तीस हंगाम फिटरचे काम केले, त्यातले बहुतेक सेंट्रिफ्यूगल विभागात. पॅनमध्ये शिजून दाट झालेल्या पाकात साखरेचे कण आणि मळी एकत्र असतात. हा पाक जाळीच्या मोठ्या टोपलीत घालून टोपली जोराने फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, कण आत राहतात. मग फिरत्या कणांवर पाण्याचा फवारा मारतात, तेव्हा उरलीसुरली मळी निघून जाते आणि साखर पांढरी होते. म्हणजे आपण चहात घालतो ती साखर शब्दशः धुतलेली आणि पिळलेली असते. तात्या हे पाहुण्यांना नेहमी सांगत: "तुमच्या मशीनमध्ये कपडं राहतात आन् पाणी जातं, आमच्यात साखर राहती आन् मळी जाती. बाकी काय फरक न्हाई."

फरक खरोखरच थोडा आहे. घरच्या यंत्राची टोपली मिनिटाला तेराशेच्या वर फेरे घेते. तिची त्रिज्या अवघी वीतभराच्या निम्मी धरली, तरी कडेच्या कापडावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून जास्त जोर येतो. इतक्या जोरात एका बाजूला शंभर ग्रॅमचा पायमोजा जास्त झाला, तर तो टोपलीला वीसेक किलोचा हिसका देतो, आणि तोही सेकंदाला बावीस वेळा. घट्ट बसवलेला कोणताही दांडा हे फार काळ सोसणार नाही. म्हणून टोपली घट्ट बसवायची नाही, तिला डुलू द्यायचे, म्हणजे वेग वाढल्यावर ती आपला तोल आपणच शोधते. ही युक्ती साखरेच्या धंद्यातलीच. १८५० च्या दशकाच्या आरंभी हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टन ह्या यंत्रज्ञाने टांगत्या टोपलीचे यंत्र तयार केले, ते ह्याच तत्त्वावर. आमच्या यंत्रात टोपलीखालची मोटर तीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे, तीही ह्याचसाठी. फिरू लागताना टोपली जी क्षणभर थरथरते आणि मग शांत होते, ते आजारपण नव्हे, तो तिचा स्वभाव आहे.

मी आलो तोवर आईच्या सुंईखाली आणखी एक आवाज मिसळला होता. तिने त्याला लगेच नाव दिले: "आता घरघर लागलीया त्याला." आईने लहानपणी जाते ओढलेले आहे आणि माणसांच्या अखेरच्या घटका जवळून पाहिलेल्या आहेत, हा शब्द ती सहजासहजी वापरत नाही. सेवा केंद्रातून एक मुलगा आला. दोन मिनिटे मशीन चालवून त्याने सांगितले, "काकू, मॉडेल जुनं आहे, अख्खी मोटर बदलावी लागेल. त्यापेक्षा नवीनच घ्या." आईने आवाजाचा इतिहास सांगण्याचा प्रयत्न केला, पण त्याच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. तो गेल्यावर तात्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे झाले.

बिघाड शोधण्याची त्यांची रीत म्हणजे शुद्ध वजाबाकी. प्रथम टोपली रिकामी करून फिरवली. आवाज तसाच. म्हणजे कपड्यांचा असमतोल नाही. मग शेजारची धुण्याची टाकी चालवली; ती निमूट चालली. म्हणजे पट्टा, गिअर, चकती ह्या सगळ्यांची सुटका झाली. मग पिळण्याच्या टाकीचा टायमर संपू दिला, पण झाकण उघडले नाही. झाकण उघडले की तारेने ओढलेला ब्रेक सुटून टोपलीला धरतो आणि ती लगेच थांबते. झाकण मिटलेले असले तर वीज जाऊनही ती काही वेळ आपल्या गतीने फिरत राहते. हा काही सेकंदांचा काळ निदानासाठी अमूल्य असतो. आवाज विजेचा असेल, तर वीज जाताक्षणी तो नाहीसा होतो. आमचा नाहीसा झाला नाही. टोपलीचा वेग उतरत गेला तसा तोही उतरत गेला. दोष यांत्रिक होता, आणि मोटरच्या दांड्यावर कोठेतरी होता.

आता प्रश्न कोठेचा. यंत्राचे मागचे झाकण काढले. कारखान्यात तात्या अशा वेळी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून त्याची मूठ कानाला लावत. इथे विजेच्या तारा जवळ असल्यामुळे त्यांना लाकूड हवे होते. आईने स्वयंपाकघरातून लाटणे आणून दिले. फ्रेंच वैद्य लायनेकने १८१६ मध्ये छातीतले आवाज ऐकण्यासाठी आधी कागदाची सुरळी वापरली आणि पुढे लाकडी नळी बनवली. पहिला स्टेथोस्कोप तो. लाटण्याची कामगिरी त्याहून फार वेगळी नव्हती. तात्यांनी एक टोक मोटरच्या वरच्या अंगाला टेकवले, दुसरे कानाला. मी टायमर फिरवला.

"घरघर हाय," ते म्हणाले. "वरच्या बेरिंगला हाय. पण सुंई काय न्हाई."

आईने लाटणे आपल्या हातात घेतले, कानाला लावले. "हाय की! चांगली बारीक सुंई हाय, घरघरीच्या वर. आवो, नीट ऐका."

लाटणे पुन्हा तात्यांकडे आले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. उजवा कान, मग डावा. मग ते माझ्याकडे आले. मला दोन्ही आवाज स्वच्छ ऐकू येत होते, आणि तसे मी सांगितले. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी लाटणे खाली ठेवले, मोटरवर तळहात ठेवला आणि आईला विचारले, "सुंई म्हणजे कशी गं? सारखी येती का मधी तुटती?"

ह्या प्रश्नाचे मोल आमच्या घराबाहेर कोणाला कळणार नाही. गेली कित्येक वर्षे आमच्या घरात एक भांडण चालू होते. तात्यांचे म्हणणे, आई तोंडातल्या तोंडात बोलते. आईचे म्हणणे, तात्या लक्ष देत नाहीत. ऐकू कमी येते असे कोणी सुचवले, की ते चिडत. मळीचा पंप बिघडला तर दुसऱ्या टोकाहून ओळखणारा माणूस मी, असे म्हणत. आणि तेही खरे होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा, जो आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही तो अस्तित्वात आहे असे धरून त्यांनी त्याविषयी प्रश्न विचारला, आणि आईने त्याला जे उत्तर दिले ते कोणत्याही फिटरच्या कामी यावे असे होते: "सारखीच येती. फिरकी वाढली की बारीक होत जाती, उतरताना जाड होती. मधी तुटत न्हाई."

आवाज न तुटता वेगाबरोबर चढतो-उतरतो, म्हणजे गोळ्यांच्या मार्गात एखादा मोठा खड्डा नाही, सगळा मार्गच खरखरीत झालेला आहे. तात्यांनी प्लग काढला, कपॅसिटरमध्ये उरलेली वीज जाऊ दिली आणि मोटर उतरवली. वरच्या बेअरिंगभोवती तांबूस गंज होता. वंगण धुऊन गेले होते. त्याच्या वर, टोपलीचा दांडा टाकीच्या तळातून बाहेर पडतो तिथली रबरी सील कडक झाली होती आणि तिच्या ओठाशी पांढरा थर बसला होता.

तो पांढरा थर म्हणजे आमचे पाणी. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात आणि गावात जड पाणी, ते. काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते असे म्हटले आहे. बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. पाणी सुकते तेथे क्षार मागे राहतो. दांड्यावर साठलेल्या ह्या बारीक कानसेने सीलचा ओठ घासला, त्या फटीतून पाणी दांड्यावरून थेंबाथेंबाने खाली उतरले, वंगण गेले, गंज आला, आणि मग आवाज. घरघरीचा उगम मोटरमध्ये नव्हताच. नवी मोटर बसवली असती तरी जुन्या सीलमधून तिच्यावरही पाणी गळतच राहिले असते.

बेअरिंगच्या कडेवर ६२०२ हा आकडा कोरलेला होता. ह्या आकड्यांची एक सोपी बाराखडी आहे. शेवटचे दोन अंक भोकाचा व्यास सांगतात: ०२ म्हणजे १५ मिलिमीटर, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे अंकाला पाचाने गुणायचे. कंपनी कोणतीही असो, माप तेच. जी वस्तू 'मॉडेल जुने' म्हणून मिळणार नव्हती, ती शेतीपंपांच्या मोटरी बांधून देणाऱ्या दुकानात पाच मिनिटांत मिळाली. तात्यांनी दोन्ही बाजूंनी रबराने बंद असलेले बेअरिंग मागून घेतले. ते दांड्यावर चढवताना त्यांनी नळीचा तुकडा फक्त आतल्या कड्यावर टेकवून हलके ठोके दिले. बाहेरच्या कड्यावर हातोडी बसली तर गोळ्यांचे घाव मार्गावर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. सील बदलली. दांडा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने घासून क्षार काढला.

बेअरिंगच्या झिजेविषयी पुढे थोडे वाचले तेव्हा आमच्या घरातल्या वादाचा उलगडा झाला. झीज सुरू होते तेव्हा तिचा आवाज अतिशय उच्च कंप्रतेचा असतो, सुरुवातीला तर कानांच्या कक्षेबाहेरचाच. झीज वाढते तसा तो खाली उतरत येतो: आधी बारीक शीळ, मग खर, मग घरघर. आणि यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाचा कान नेमका उलट्या बाजूने खचतो. अंतर्कर्णातल्या ज्या केसपेशी उंच स्वर टिपतात, त्या आधी मरतात, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. खालचे स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात. म्हणून मळीच्या पंपाची धडधड तात्यांना दुरून कळे आणि बायकोच्या बोलण्यातले स, क, त, फ जवळूनही कळत नसत. स्वर पोचत, व्यंजने गळत. समोरचा तोंडातल्या तोंडात बोलतो आहे असेच अशा माणसाला खरोखर वाटते. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते.

हा विकार अनोळखी नाही. तात्या नोकरीत होते त्या काळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तो नोंदलेला होता. पण यादीत असणे वेगळे आणि घरात त्याला नाव मिळणे वेगळे. पुढच्या आठवड्यात तात्या स्वतः होऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणीचा आलेख त्यांनी आम्हाला दाखवला, तो एखादे यंत्राचे रेखाचित्र दाखवावे तसा. खालच्या स्वरांत रेघ जवळजवळ सपाट, आणि ४००० पाशी खोल खड्डा. "हितं आपली सील गेली," ते आईला म्हणाले. बेअरिंग अडीचशे रुपयांच्या आत बदलून मिळाले. केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्राने जे उरले आहे ते मोठे करता येते, इतकेच. ते त्यांनी घेतले आहे आणि कुरकुरत का होईना, वापरतात.

यंत्राच्या बिघाडाने माणसाचा बिघाड उघड झाला हा योगायोग असेल. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या दोघांमध्ये असलेली भाषा. तात्यांना सुंई ऐकू आली नाही ती नाहीच. पण आईजवळ तिच्यासाठी शब्द होता आणि तो शब्द तात्यांना ठाऊक होता. कधी काळी, कानाची रेघ सपाट होती त्या दिवसांत, त्यांनीही सुंई ऐकलेली होती. आई 'काहीतरी आवाज येतोय' एवढेच म्हणाली असती, तर तात्यांजवळ धरायला काही नव्हते. 'सुंई' म्हटल्यावर त्यांच्या आठवणीतले बेअरिंग फिरू लागले आणि 'सारखी की तुटती' हा पुढचा प्रश्न सुचला.

अशा शब्दांचे कोश आहेत, पण त्यांचा वापर लिखाणात आपण कमी करत आणला आहे. प्रमाण लेखनात ते उथळ वाटतात, भाषांतरित पुस्तिकांत त्यांना शिरकाव नसतो, आणि जी माणसे ते काटेकोरपणे वापरतात त्यांची साक्ष तांत्रिक बाबतीत कोणी घेत नाही. आई दोन महिने अचूक निदान सांगत होती. ते सांगण्याची तिची भाषा घरगुती होती, म्हणून तेही घरगुती मानले गेले. कोणा मराठी कंपनीने किंवा तंत्रशाळेने कधी आपली पुस्तिका मुळातून मराठीत लिहायला घेतली, तर 'असामान्य आवाज' ही एक ओळ खोडून तिथे निदान सहा ओळी घालाव्यात. खुळखुळ: टोपलीबाहेर नाणे किंवा गुंडी अडकली आहे. धडधड: कपडे एका बाजूला झाले आहेत, थांबवून पुन्हा पसरा. कुईकुई: धुण्याच्या बाजूचा पट्टा पाहा. नुसतेच गूंऽ, आणि टोपली हलत नाही: कपॅसिटर. सुंई: सील आणि बेअरिंग तपासा, अजून वेळ आहे. घरघर: आज तपासा.